न जन्मलेल्या सभासदाची खुर्ची

खुर्ची कोणत्या रंगाची आणायची, यावरच मीटिंगचा पहिला तास गेला.

"पांढरी नको, मळते," कोणीतरी म्हणालं.

"अहो, मळवायला तिच्यावर बसणार कोण आहे?" अध्यक्ष म्हणाले. "ज्यांच्यासाठी आणतोय ते अजून जन्मालाच आलेले नाहीत."

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. पार्किंगबद्दल ज्याची काहीही तक्रार नाही, असा सभासद इमारतीला पहिल्यांदाच मिळत होता.

भानगड होती आदर्श इमारत स्पर्धेची. गेल्या वर्षी समोरच्या इमारतीनं यांना सहा गुणांनी हरवलं होतं, आणि तेव्हापासून अध्यक्ष गॅलरीत उभे राहिले तरी पाठमोरे उभे राहायचे. यंदाच्या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न आला होता. "भावी पिढ्यांना इमारतीच्या निर्णयांत स्थान आहे काय? असल्यास, गुण दहा."

हा प्रश्न वाचून चिटणीसांचे डोळे लकाकले. चिटणीसांनी अडतीस वर्षं सरकारी कचेरीत नियम लिहिण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर माणसाला चहा सोडायला सांगावं तसे ते कासावीस झाले होते. घरात त्यांनी बायकोला मिठाच्या डब्याबद्दल तीन कलमं लिहून दिली होती, पण त्यात मजा नव्हती. त्यांनी एका रात्रीत मसुदा आणला आणि उभं राहून वाचला.

"दहा वर्षांहून अधिक काळ परिणाम करणाऱ्या कोणत्याही ठरावास, अद्याप न जन्मलेल्या पिढीची संमती आवश्यक राहील. सदर पिढीसाठी सभेत एक खुर्ची राखीव राहील. आणि," इथे त्यांनी चष्मा काढला, "हा नियम बदलायचा झाल्यास त्यालाही सदर पिढीची संमती आवश्यक राहील."

"हे शेवटचं कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यानं वजन येतं."

पंधरा घरांचे पंधरा हात वर गेले. इमारतीत मतं घराच्या मालकाला होती, आणि मालक म्हणजे ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरं घेतली ते. सगळ्यात तरुण मतदार एकोणसाठ वर्षांचा होता. त्याला सगळे छोटू म्हणायचे आणि मीटिंगमध्ये पाणी आणायला त्यालाच उठवायचे.

परीक्षक आले, त्यांनी ती निळी, रिकामी खुर्ची पाहिली आणि त्यांना भरून आलं. इमारत पहिली आली. अध्यक्ष गॅलरीत पुन्हा तोंड समोर करून उभे राहू लागले.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. घरात ते, त्यांची बायको, मुलगा आणि सून. मुलाला घरात-दारात बाळ म्हणत. बाळ चौतीस वर्षांचा होता, हवामान खात्यात तापमानाच्या नोंदी घ्यायचा आणि बाल्कनीत राहायचा. म्हणजे तो आणि सूनबाई, दोघंही. घरातली एक खोली अध्यक्षांची, दुसरीत त्यांचं जुनं दात काढायचं मशीन. ते मशीन हलवायचा विषय निघाला की अध्यक्षांचा आवाज चिरकायचा.

सूनबाई नकाशे काढायची. दिवसभर ऑफिसात बसून ती लोकांसाठी तीन-तीन बेडरूमची घरं काढायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "बेडरूमला लागून बाल्कनी हवी हं." सूनबाईकडे बाल्कनी होती. लागून असलेली बेडरूम सासऱ्यांची होती.

त्या बेडरूमला एसी होता, आणि एसीचा बाहेरचा डबा बाल्कनीच्या आत, सूनबाईच्या उशाशी बसवलेला होता. बाहेरच्या भिंतीवर लावला असता तर इमारतीची शोभा जाऊन स्पर्धेत चार गुण कापले गेले असते. त्यामुळे सासऱ्यांच्या खोलीतली गरमी ते यंत्र इमानेइतबारे उचलून आणायचं आणि सुनेच्या डोक्यावर ओतायचं. बाळनं ऑफिसातला थर्मामीटर आणून लावला. एक्केचाळीस.

"बाबा, एक्केचाळीस!" तो म्हणाला.

"बघ बरं," अध्यक्ष कळवळून म्हणाले, "बाहेर एवढं असेल तर मला एसी लावल्याशिवाय कसं चालेल?"

भाड्यानं घर घ्यावं म्हणून दोघं वर्षभर हिंडली होती. जे परवडायचं त्याला खिडकी नसायची. एकाला खिडकी होती, पण ती शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उघडायची आणि शेजारीण आधीच "काय बघताय?" म्हणायची. आणि इथे, याच इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्या आणि ओटा असलेली क्लबरूम रिकामी होती. दोन्ही बाजूंनी वारा. रोज पाच ते सहा या वेळात पाच म्हातारे तिथे बसायचे आणि हल्लीची तरुण मुलं इमारत सोडून का जातात याबद्दल हळहळायचे.

"ती जागा आम्हाला भाड्यानं द्या," असं सूनबाईनं तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा पंधरा विरुद्ध शून्य. अध्यक्षांनी स्वतः विरोधात मत दिलं. घरच्यांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको.

आणि आता सूनबाईला आठवा महिना लागला होता.

"मूल त्या डब्याखाली ठेवायचं का?" तिनं एकदाच विचारलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "आमच्या काळी आम्ही नऊ जण एका खोलीत होतो," आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. गार हवा बाहेर जात होती.

मग लिफ्ट बंद पडली.

दुरुस्तीवाला आला, त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि "गेली" असं म्हणाला. नवी लिफ्ट बसवायची तर पंधरा वर्षांची गॅरंटी मिळणार होती. सगळ्यांना आनंद झाला. सगळ्यात जास्त झाला तो पाचव्या मजल्यावरच्या हेडबाईंना. पंचवीस वर्षं शाळा चालवून रिटायर झालेल्या हेडबाईंचे गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. त्यांना खाली उतरता येईना, म्हणून मीटिंग खाली अंगणात घ्यायची आणि हेडबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मत द्यायचं, असं ठरलं.

"नवीन लिफ्टच्या ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत," चिटणीस म्हणाले.

चौदा हात खाली, एक हात पाचव्या मजल्यावर.

"ठराव नामंजूर," चिटणीस म्हणाले.

"काय?" वरून आवाज आला. "अंक मोजता येत नाहीत का तुम्हाला? पंधरा आहेत!"

"पंधरा आहेत बाई. पण लिफ्ट पंधरा वर्षं चालणार. म्हणजे दहाहून अधिक. सबब, न जन्मलेल्या पिढीची संमती हवी. खुर्चीनं हात वर केलेला नाही."

सगळ्यांनी निळ्या खुर्चीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात होते तिथेच होते.

आता या इमारतीची एक जुनी पद्धत होती. पहिले अध्यक्ष कानानं अधू होते. त्यांना "हो" आणि "नाही" सारखंच ऐकू यायचं, म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं की तोंडी मत नाहीच. हात वर असेल तो बाजूनं, नसेल तो विरोधात. डुलकी लागलेला सभासदही विरोधात. त्यामुळे दुपारच्या मीटिंगमध्ये आजवर एकही ठराव पास झाला नव्हता.

"मग तो नियमच बदला ना!" छोटू म्हणाला.

"बदलू की. त्यालाही खुर्चीची संमती लागेल."

"हे कोणी घातलं त्यात?"

चिटणीस वहीत बघू लागले.

लिफ्टवाल्याला बोलावून विचारलं, नऊ वर्षांची गॅरंटी असलेली लिफ्ट मिळेल का. तो म्हणाला, "दहाव्या वर्षी पडेल अशी बनवून द्यायची का? आत कोण असेल तेही सांगून ठेवा." तो गेला तो फोन उचलेनासा झाला. पाठोपाठ गच्ची गळायला लागली. गच्चीचं काम बारा वर्षं टिकणारं, नामंजूर. पाण्याचा पंप कुरकुरायला लागला. नवा पंप, वीस वर्षं. नामंजूर. हेडबाईंनी पाचव्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून खाली सोडली. तिच्यात सामान ठेवायचं आणि वर बघून "ओढा" म्हणायचं. टोपलीतून रोज एक चिठ्ठी यायची, तिच्यात चिटणीसांच्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका असायच्या.

चौथ्या मीटिंगच्या दिवशी सूनबाई ऑफिसातून परत आली. दोन बस बदलून, हातात पिशवी, पाय सुजलेले. अंगणात सगळे बसलेले, लिफ्ट बंद, समोर एकच खुर्ची रिकामी. कसलाही विचार न करता ती तिच्यात धपकन बसली.

"अहो सूनबाई, उठा! ती भावी पिढीची आहे!" अध्यक्ष ओरडले.

"थांबा!" चिटणीस त्याहून मोठ्यांदा ओरडले आणि उठून उभे राहिले. त्यांनी सूनबाईच्या पोटाकडे बोट केलं. "अद्याप न जन्मलेली पिढी. सभेला हजर!"

पाचव्या मजल्यावरून हेडबाई म्हणाल्या, "शाब्बास. एवढा साधा विचार करायला चार मीटिंगा लागल्या."

"पण हात कसा वर करणार ते?" छोटूनं विचारलं.

चिटणीसांनी दोन मिनिटं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा नियम तयार होता. "हात शक्य नसल्यास पाय ग्राह्य धरावा. बाळाची लाथ म्हणजे होकार. लाथ नाही, संमती नाही. पण लाथ फक्त सूनबाईंना कळणार, म्हणून निरीक्षक नेमावा लागेल."

निरीक्षक म्हणून सासूबाईंना नेमलं. सासूबाई म्हणजे अध्यक्षांची बायको. पस्तीस वर्षं नवऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी "घाबरू नका, दुखणार नाही" असं खोटं बोलण्यात काढली होती, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळत नसे. त्या उठल्या, त्यांनी हात पुसला आणि सुनेच्या पोटावर ठेवला.

"लिफ्टच्या ठरावास अनुकूल असल्यास माननीय सभासदांनी लाथ मारावी," चिटणीस म्हणाले.

सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

सूनबाईनं सासूकडे पाहिलं. सासूनं सुनेकडे पाहिलं. दोघी गेली चार वर्षं एका ओट्यावर काम करत होत्या, दोघींना एकमेकींचं न बोललेलं ऐकू यायचं.

"नाही मारत," सासूबाई म्हणाल्या.

"परत एकदा बघ," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, माझी दोन झालीत. मला कळत नाही का?"

"माननीय सभासदांची काय इच्छा आहे?" चिटणीसांनी अदबीनं विचारलं.

सूनबाईनं पाय लांब केले. "मला काय माहीत काका. पण क्लबरूमचं नाव काढलं की फार हालचाल होते बघा आत."

"ही अडवणूक आहे!" अध्यक्ष म्हणाले. "घरचीच लाथ आणि घरच्यांनाच!"

"मी कुठं काय म्हणतेय बाबा? त्या सभासदाला कुठेतरी राहायला लागणार आहे, एवढंच. आधी त्याच्या घराचा ठराव घ्या, मग लिफ्ट घ्या. त्याला वाटतंय तसं."

"आणि आम्ही बसायचं कुठं?" क्लबरूमच्या पाचांतला एक म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून सूनबाईच्या पोटाला कधी नव्हे तो मान मिळू लागला. ती जिन्यानं चढताना माणसं चपला काढून बाजूला उभी राहायची. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड इन्स्पेक्टरांनी वाकून पोटाला सांगितलं, "साहेब, पंपाचं तेवढं बघा. वरच्या मजल्यावर थेंब नाही." ते आयुष्यभर सगळ्यांना अरे-तुरे करत आले होते. छोटूनं गच्चीतल्या गळतीचे फोटो आणून पोटासमोर धरले. हेडबाईंची टोपली खाली आली, तिच्यात चिठ्ठी होती. "चिरंजीव, आपलं आजचं कर्तव्य उद्यावर ढकलू नये. पाचवा मजला." सूनबाईनं पेन्सिलीनं खाली लिहिलं, "उद्याच येणार आहे मी. तोपर्यंत जागा बघून ठेवा." टोपली वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

सगळे हळूहळू वळायला लागले होते. फक्त अध्यक्ष आणि क्लबरूमचे पाच जण वळत नव्हते. एका संध्याकाळी चिटणीस क्लबरूममध्ये आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, तारीख कधीची आहे?"

"बारा दिवस राहिले."

"मग काही करू नका. दम काढा. ज्या क्षणी मूल जन्मेल त्या क्षणी ते 'अद्याप न जन्मलेलं' राहत नाही. सभासदत्व आपोआप खलास. नंतर त्याला मत थेट अठराव्या वर्षी, तेही डॉक्टर आपल्या नावावरचं घर त्याच्या नावावर करतील तेव्हा."

"म्हणजे कधीच नाही!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी एसी अठरावर लावला.

बाल्कनीतला थर्मामीटर त्रेचाळीसवर गेला. बाळनं तो आकडा एका कागदावर लिहून चिटणीसांकडे नेला. "याची नोंद घ्या काका."

"तुम्ही सभासद नाही."

"माझं मूल आहे ना सभासद?"

"आहे. पण त्यानं स्वतः येऊन दिली पाहिजे."

बाळ परत आला आणि ओला टॉवेल पिळून सूनबाईच्या कपाळावर ठेवत बसला. सासूबाई बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि नवऱ्याच्या खोलीचा रिमोट तांदळाच्या डब्यात पुरून आल्या. अध्यक्ष दोन दिवस तो शोधत होते.

शेवटची मीटिंग तारखेच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी होती. विषय एकच, लिफ्टचा ठराव पुढे ढकलणे. सूनबाई निळ्या खुर्चीत बसली होती. अध्यक्ष खुशीत होते. चिटणीस वाचत होते. आणि सूनबाईनं एकदम सासूबाईंचं मनगट धरलं.

"आई, सुरू झालं वाटतं."

"बाळ, गाडी बोलाव," सासूबाई म्हणाल्या.

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "आनंदाची गोष्ट आहे. सभा संपली. चला, सुटलो. आता लिफ्टचं बघू."

तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला छोटू म्हणाला, "पण डॉक्टर, ही बाळंत झाली की खुर्चीत कोण बसणार?"

"कोणी नाही. परत रिकामी."

"मग हात कोण वर करणार?"

चिटणीसांची वही मिटता मिटता अर्धवट राहिली. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. पहिला मजला, वय अडुसष्ट. तिसरा मजला, त्र्याहत्तर. चौथ्यावरच्या दोघी बहिणी, ऐंशीच्या घरात. पाचवा मजला, विचारायची कोणाची छाती नव्हती. तरुण जोडपं म्हणावं असं इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. होती ती कधीच निघून गेली होती, जागा नाही म्हणून.

"लिफ्ट!" वरून हेडबाई किंचाळल्या. "आत्ता! लगेच! ठराव घ्या!"

"वाचा, वाचा!" इन्स्पेक्टर ओरडले.

"ठराव क्रमांक चार—"

"नंबर सोडा हो!"

"नंबर सोडून वाचला तर ग्राह्य धरत नाहीत," चिटणीस म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. "ठराव क्रमांक चार, कलम दोन अन्वये, सदर इमारतीच्या—"

"क्लबरूम घ्या!" एक म्हातारा म्हणाला. "घेऊन टाका! आम्ही जिन्यात बसू!"

"माझी काही हरकत नाही!" अध्यक्षही ओरडले. "लिहून देतो! फक्त एक लाथ!"

सूनबाई सासूबाईंच्या खांद्याला धरून फाटकाकडे निघाली होती. गाडी येऊन उभी होती. चिटणीस वही उघडी धरून बाजूनं उलटे चालत होते. "सदर इमारतीच्या उद्वाहकाबाबत... अनुकूल असल्यास... निरीक्षकांनी कृपया हात ठेवावा..."

"आता कसली लाथ आणि कसलं काय. बाजूला व्हा, नाहीतर मीच घालते एक," सासूबाई म्हणाल्या.

चिटणीस बाजूला झाले. गाडीचं दार लागलं. अंगणात चौदा हात नुसतेच वर राहिले, आणि पंधरावा पाचव्या मजल्याच्या खिडकीतून हलत राहिला.

दुपारी दोनला मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज हेडबाईंचा.

संध्याकाळी इमारतीत तातडीची सभा झाली. सभासद गेल्यावर काय लिहायचं याचा चिटणीसांकडे एकच नमुना होता, कारण या इमारतीतून सभासद आजवर एकाच मार्गानं गेले होते. त्यांनी गंभीर आवाजात वाचलं. "आपल्या माननीय सभासद आज दुपारी दोन वाजता जन्मल्यामुळे आपल्यातून निघून गेल्या. त्यांच्या जन्मानं इमारतीची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे." मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. कोणाचंही रडं खोटं नव्हतं. पंप त्याच सकाळी कायमचा बंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ हॉस्पिटलात गेलं. अध्यक्ष पुढे, मागे चिटणीस, इन्स्पेक्टर आणि छोटू. त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. अध्यक्षांनी सवयीनं नातीचं तोंड उघडून हिरड्या तपासल्या. मग सगळे एकमेकांना कोपरानं ढोसत उभे राहिले. शेवटी चिटणीसांनी घसा खाकरला.

"अभिनंदन, सूनबाई. बाकी... पुढचा बेत काय?"

"कसला पुढचा बेत?"

"म्हणजे हिला एखादं भावंड वगैरे. घाई नाही. पण साधारण कधीपर्यंत, असा एक अंदाज."

"लाज वाटते का काही?" सासूबाई म्हणाल्या. "अजून टाके ओले आहेत तिचे!"

सूनबाई उशीला टेकून पडली होती. ती दमली होती, तिला झोप हवी होती, पण चार म्हाताऱ्यांचे चार आशाळभूत चेहरे बघून तिची झोप उडाली. ती लोकांना घरं काढून द्यायची. समोरच्याला नेमकं काय हवंय हे तिला तोंडाकडे बघून कळायचं.

"आवडेल की मला," ती हळूच म्हणाली. "बाळलाही आवडेल. पण त्या बाल्कनीत एकच होताना किती जड गेलं, काका."

बाळनं चमकून तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याचा पाय चिमटला.

चिटणीसांनी तिथल्या तिथे, पाळण्याच्या कडेवर वही ठेवून लिहायला घेतलं. क्लबरूम, दोन्ही खोल्या, ओट्यासह, नऊ वर्षं अकरा महिन्यांच्या करारानं. वरच्या एसींचे डबे क्लबरूमच्या खिडकीपासून दूर. बरोबर पाच ते सहा या वेळात अंगणात मोठ्यांदा बोलायला मनाई.

"नऊ वर्षं अकरा महिने का?" बाळनं विचारलं.

"दहाच्या आत असलं की खुर्चीची संमती लागत नाही."

सूनबाई उठून बसली. "म्हणजे हे आधीही देता आलं असतं? गेल्या वर्षी? मी तीनदा अर्ज केला तेव्हा?"

"सहज," चिटणीस न कचरता म्हणाले. "नियम कधीच आड येत नव्हता. पण तेव्हा आम्हाला द्यायचं नव्हतं."

आता या गोष्टीला दीड वर्ष झालं. लिफ्ट अजून बंद आहे. गच्चीखाली बादल्या आहेत. पंप नाही, म्हणून इन्स्पेक्टर आणि छोटू सकाळी तळमजल्यावरून पाणी वर नेतात आणि वाटेत क्लबरूमच्या दाराकडे आशेनं बघतात. क्लबरूममध्ये दोन्ही बाजूंनी वारा येतो. मुलगी तिथे उघड्या फरशीवर पालथी पडून झोपते. चिटणीसांनी आपला एसी बंद करून टाकला आहे, कारण जोडप्याला मोकळी हवा मानवते असं त्यांनी कुठंतरी वाचलं. दात काढायचं मशीन अध्यक्षांनी स्वतः भंगारात दिलं. नातवंडं दोन झाली की वर खेळायला जागा लागेल, असं ते म्हणाले.

परवा संध्याकाळी क्लबरूमचे ते पाच जण अंगणात, हळू आवाजात बोलत बसले होते. सूनबाई मुलीला कडेवर घेऊन दारात आली आणि बाळला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाली, "आज काय झालंय कोण जाणे, सारखं आंबट खावंसं वाटतंय."

एक म्हातारा उठला, त्याच्याबरोबर दुसरा उठला. पाचव्या मजल्यावरून टोपली भराभर खाली आली, तिच्यात सहा लिंबं होती. चिटणीस धावत जिना उतरले. अध्यक्ष त्यांच्यामागून हत्यारांची पेटी घेऊनच आले.

"सूनबाई, काही लागलं सवरलं? काही गैरसोय? बिनधास्त सांगा."

"काही नाही हो. त्या मागच्या खिडकीची कडी तेवढी तुटलीय."

अध्यक्ष पेटी घेऊन आत गेले. त्यांच्या मागे चिटणीस गेले, चिटणीसांच्या मागे ते पाच जण. बाळचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं सूनबाईला कोपऱ्यात ओढलं.

"अगं, खरंच?"

"छे रे," सूनबाई टोपलीतून लिंबं काढत म्हणाली. "आठ दिवस झाले कडीचं सांगून, कोणी हलत नव्हतं."